पुस्तकातल्या शेळीचे दात

नातीच्या वाचनाच्या वहीत मी बुधवारी बसून रविवारपर्यंतच्या सह्या ठोकून टाकल्या, हा माझा गुन्हा. तो मी कबूल करतो. पण त्यावर तिच्या बाईंनी लाल शाईने जे लिहिलं, ते मी आजतागायत कबूल केलेलं नाही.

वहीची रीत अशी होती. तिसरीतल्या पोरांनी रोज घरी वीस मिनिटं वाचायचं. धडा नव्हे, गोष्टीचं पुस्तक. ते शाळाच देते. वहीत तारीख, पुस्तकाचं नाव, वाचलेली पानं, आणि शेवटच्या रकान्यात घरातल्या मोठ्या माणसाची सही. मुलगा टेम्पो घेऊन कायम रस्त्यावर, सून दिवसभर औषधांच्या दुकानात कामाला, आणि बायकोला सही म्हटलं की चष्मा सापडत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. आमच्या भागात अशा माणसाला हेडी म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. चौथीनंतर मी मेंढरांमागे गेलो. पुढचं सगळं, म्हणजे म्हसवडातलं हे स्लॅबचं घर, मागची पत्र्याची शेड, मुलाचा टेम्पो, तोंडाच्या जोरावर उभं केलं. असा माणूस रोज एक सही करत बसत नाही. मी घाऊकच उरकल्या.

बाईंनी वही उघडली तो गुरुवार होता. वहीत रविवारचं वाचन झालेलं होतं.

त्यांनी लिहिलं, "घरी वाचनाचे वातावरण नाही. पालकांनी लक्ष द्यावे."

मी तसाच शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. वर्गाच्या दारातूनच विचारलं, "वातावरण म्हंजे काय वो बाई? ते काय नळाला येतंय का, आमच्याकडं आलं न्हाई म्हणाया?"

बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी खुर्ची पुढे केली. भांडायला आलेल्या माणसाला बसवलं की त्याचा निम्मा राग खाली बसतो. ही युक्ती मी स्वतः वापरतो, म्हणून उभाच राहिलो.

"आबा, रविवारी ती काय वाचणार होती?" बाईंनी विचारलं.

"तिला इचारा की."

"विचारलं. ती म्हणाली, आबांना माहीत असेल, सही त्यांची आहे."

पोरगी माझ्याच रक्ताची.

"बरं, तुम्ही स्वतः घरात शेवटचं काय वाचलंत?"

मी आठवून बघितलं. जंताच्या औषधाच्या बाटलीवरचं, किती वजनाच्या शेळीला किती पाजायचं ते. तसं सांगितलं. बाई हसल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेच तिच्यादेखत मोठ्यानं वाचा. तेही चालेल."

"आधी हे लिवलेलं खोडा."

"खोडण्यासारखं काही घडलं की बघू."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी दोनचार दिवस धुसफुसून गप्प झालो असतो. पण तो शेरा सुनेने वाचला. तिचा भाऊ कराडला राहतो, चांगल्या नोकरीत आहे. त्याच्या घरी पुस्तकांचं काचेचं कपाट आहे. मी ते पाहिलंय. दवाखान्यातल्या औषधांसारखं कुलपात असतं, आणि पुस्तक मागितलं की आधी हात धुऊन यावं लागतं. सून म्हणाली, "मामंजी, जूनपासनं हिला भावाकडं ठिवते. तिथल्या शाळंचा फॉर्म बी मागवलाय."

"म्हंजे पोरगीच न्यायची? एका लाल रेघंवरनं?"

"पुस्तक उघडाय तिला चारदा हाक मारावी लागती. ह्या घरात तिनं वाचताना बघायचं कुणाला?"

फॉर्म आला, आणि तिने तो फ्रिजवर पितळी डब्याखाली ठेवला. येताजाता मला त्याची कड दिसायची. या घरात संध्याकाळी माझी वाट बघणारं एकच माणूस आहे आणि ते आठ वर्षांचं आहे. ते कराडला जाणार म्हटल्यावर मी सुनेशी सौदा केला. गुढीपाडव्यापर्यंत मुदत. कुणी न सांगता, आपल्या मनाने पोरीने पुस्तक उघडलं आणि वाचत बसली, असं सुनेने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तर कराड रद्द.

"कुणी न सांगता," सून परत म्हणाली. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. नात माझ्याबरोबर आटपाडीच्या बाजारात आलेली आहे, तिला हे पाठ आहे. मी कट्ट्यावर बसलो, मांडीवर टॉवेल पसरला. तिने गंभीर चेहऱ्याने हात आत घातला. मी तिची दहाही बोटं दाबली. दहा पानं. तिने माझी करंगळी दाबली, तीही टोकाला.

"ह्ये काय?"

"अर्धं पान."

"अर्धं पान कोण वाचतं व्हय गं?"

"मग नगं वाचू?"

मला रागही आला आणि अभिमानही वाटला. शेवटी तीन पानांवर जमलं. बदल्यात सिद्धनाथाच्या देवळापर्यंत मोटरसायकलवरून फेरी. तीन पानांत एक पान नुसतं चित्राचं निघालं, पण ठरलं ते ठरलं. दुसऱ्या दिवशी फेरीबरोबर भेळ आली. चौथ्या दिवशी, नवं करडू जन्मलं की त्याचं नाव तीच ठेवणार, असं मी कबूल करून बसलो. दर दिवशी पानं तेवढीच आणि तिची मागणी वाढलेली. वाचून झालं की ती पुस्तक असं मिटायची, जसा कडू औषधाचा चमचा खाली ठेवावा. आणि मी फेरीला घेऊन जायचो.

भाकरी थापता थापता बायको हे सगळं बघत होती. आठव्या दिवशी म्हणाली, "आवं, त्या पुस्तकाला तुमी पयल्या दिवशी काय म्हणाला हुता, आठवतंय का?"

आठवत नव्हतं.

"हातात घिऊन म्हणाला, कागद पापडावानी हाय. शिवण सुटलीया. चित्रं इटल्यात. किती हातांतनं फिरून आलंय कुणास ठावं. पोरगी हितंच बसली हुती."

खरं होतं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला नावं ठेवायची, ही चाळीस वर्षांची सवय. शेळी कितीही आवडली तरी घेणारा म्हणतो, मागं बसकी हाय, केस झडल्यात, डोळ्यात पाणी दिसतंय. तसं म्हटल्याशिवाय विकणारा खाली येत नाही. पुस्तकाला मी तेच केलं, कुणाला खाली आणायचं नसताना. आणि असला नासका माल पोरीने आवडीने घ्यावा म्हणून तिच्याशी झटत होतो.

"तुमी तरी घ्याल का?" बायको म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी बाजू बदलली. घेणारा होतो तो विकणारा झालो. "काय पुस्तक हाय गं! असलं पुस्तक सगळ्या माण तालुक्यात एक न्हाई. मला तर सोडवंना."

नातीने पुस्तक बघितलं, मग मला बघितलं. "आबा, एवढं झकास हाय तर तुमी का इकताय?"

हे मीच शिकवलंय तिला. बाजारात कुणी फार वाखाणायला लागला की पहिला प्रश्न हा.  आणि उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढतो.

"ऱ्हाऊ दे! नगं वाचूस! जा कराडला, हात धुवून ये आणि कपाट बघत बस. मीच वाचतो," म्हणून मी पुस्तक घेऊन कट्ट्यावर जाऊन बसलो. आता म्हटलंच होतं, तर वाचणं भाग होतं. गोष्ट एका शेळीची होती. ती मालकाच्या मागे जत्रेला निघते. मी ओळीखाली बोट धरून वाचतो, ओठ हलवत. तीन पानं बरी गेली. चौथ्या पानावर शेळी हसत होती.

"आरं ह्याच्या...!" मी ओरडलो. पुढचं इथे लिहीत नाही.

नात दारात आली. "काय झालं?"

"ही हसती!"

"गोष्टीत हसत्यात आबा."

"हसू दे की. पण वरच्या दातांनी हसती! बघ, वर दात, खाली दात, निस्ती माणसावानी कवळी. शेळीला वरच्या जबड्यात फुडं दात असत्यात व्हय गं?"

तिला माहीत नव्हतं. हेड्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला माहीत नव्हतं! शेळीचं वय आम्ही दातांवरून काढतो, पण ते खालच्या. वर पुढे नुसती हिरडी. नातीचे त्या दिवसांत वरचे पुढचे दोन दात पडून नवे जेमतेम अर्धे आले होते. तिने स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली आणि शेडकडे गेली. आमची म्हातारी शेळी गरीब आहे, तिने तोंड उघडू दिलं.

"न्हाईत!" शेडमधून आवाज आला. "आबा, एक बी न्हाई! आज्जी, बघ की, हिला वर दातच न्हाईत!"

पळत येऊन ती माझ्याशेजारी कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "फुडं काय काय चुकवलंय?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. टॉवेल खुंटीवर होता.

जनावर तपासायचं तर डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासावं लागतं. मधलं सोडून चालत नाही, खोड नेमकी तिथे निघते. आम्ही पुस्तक तसं तपासलं, तिने फेरीच्या नादात उरकलेली पानंसुद्धा. ती भरभर वाचायची, मी मागून बोट फिरवायचो. सातव्या पानावर शेळीच्या कासेला चार सड निघाले, गाईसारखे. शेळीला दोनच असतात. अकराव्या पानावर शेळी आनंदाने ओढ्यात डुंबत होती. आमच्या शेळीच्या अंगावर बादलीतलं चार थेंब पाणी उडालं तर ती सगळी गल्ली गोळा करते. नात हसून हसून आडवी झाली. वहीत तिने त्या दिवशी लिहिलं, "शेळीला वर पुढे दात नसतात. सड दोन असतात. ती पाण्यात जात नाही. बाकी पुस्तक बरे आहे." मी खाली सही केली. एकच, त्याच दिवसाची.

बाईंचं उत्तर आलं, त्याच लाल शाईत. "बरोबर. मला माहीत नव्हते. आणखी तीन पुस्तके देत आहे. तपासावीत."

"मला माहीत नव्हते" हे मी दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. मुलाला फोन करून सांगितलं. तो कुठल्यातरी घाटात होता, म्हणाला, आबा, गाडी चालवतोय.

ती तीन पुस्तकंही तपासली. एकात बाई भाकरी थापताना लाटणं घेऊन बसली होती. बायको चुलीपुढून उठून आली, चष्मा लगेच सापडला, आणि तिने ते चित्र शेजारणीलाही नेऊन दाखवलं. एकात मेंढीची शेपटी शेळीसारखी वर उभी. संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर जो आरडाओरडा चालायचा त्याला वाचनाचं वातावरण म्हणतात का ते बाईंना ठाऊक, पण रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, कशावरनं भांडताय रं?

सुनेवर मात्र याचा परिणाम झाला नाही. "मामंजी, ही वाचती कुठं? चुका हुडकती. आणि तुमी शेजारी बसल्याशिवाय बसती का? ठरलं काय हुतं?"

ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. पाडवा दहा दिवसांवर होता. तिने फॉर्मवर पोरीचं नाव आणि जन्मतारीख लिहून ठेवली होती. बाकी रकाने मोकळे होते. मी ते रोज चोरून बघायचो, आणखी एखादा भरला का म्हणून.

त्या आठवड्यात पोरीने एक जाडसं पुस्तक आणलं. समुद्रातल्या खडकावर एक दिवा आहे, जहाजांना वाट दाखवणारा, आणि तो सांभाळणाऱ्या माणसाची मुलगी तिथे एकटी राहते. बाप बोटीने किनाऱ्यावर सामान आणायला जातो आणि वादळ होतं. आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. आमच्याकडे माणगंगेला पाणी आलं की लोक मुलांना दाखवायला नेतात. त्यामुळे तपासायला माझ्याकडे काही नव्हतं. दोन पानं ऐकून मी विचारलं, "खोड?"

"थांबा वो आबा."

थोड्या वेळाने परत विचारलं.  मग ती उठली आणि पुस्तक घेऊन शेडमध्ये गेली. शेळ्यांच्या गव्हाणीच्या कडेवर बसून, पाय हलवत, मनातल्या मनात वाचायला लागली. मला माझ्याच कट्ट्यावर सोडून. मी मोटरसायकल काढली, सुरू केली, हॉर्न दिला. देवळाच्या फेरीसाठी जी पोरगी अर्धं पान मला विकायची, तिने मान वर केली नाही. मी गाडी बंद केली. पेट्रोल जळत होतं.

पण बोटीचं काय झालं ते मला कळायला पाहिजे होतं. ती अंघोळीला गेली तेव्हा मी पुस्तक उघडलं. माझ्या बोटाचा वेग असा की वादळाच्या अर्ध्यात पोचलो, तोवर ती ओल्या केसांनी बाहेर. तिने ओढूनच घेतलं.

"माझं पान घालवू नगा!"

"बोट माघारी येती का एवढं सांग."

"न्हाई सांगणार. वाचा."

"बाप जगतो का गं?"

तिने खुंटीवरचा टॉवेल आणला आणि माझ्या मांडीवर पसरला. मी हात घातला. तिने माझी दहाही बोटं दाबली. दहा पानं, मी, स्वतः, आधी. मग ती बोटीचं सांगणार. मी तिची करंगळी टोकाला दाबली. ती म्हणाली, "अर्धं पान कोण वाचतं व्हय?" चार पानांवर आलो. ती चार पानं वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि तिने बोटीचं फक्त एवढंच सांगितलं की ती अजून दिसत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सून दुकानातून लवकर आली. फ्रिजवरचा डबा उचलला. फॉर्म नव्हता. तिने आधी माझ्याकडे बघितलं. संशय बरोबर होता, माणूस चुकीचा होता. मी दोन्ही हात वर केले.

"फॉर्म कुठाय?"

शेडमध्ये गव्हाणीवर नात वाचत बसली होती. तिला कुणी पाठवलं नव्हतं, कुणी हाकही मारली नव्हती. पुस्तकातून एका कागदाची घडी बाहेर डोकावत होती. सून जवळ गेली, तिने ती ओळखली. आपल्याच अक्षरातलं पोरीचं नाव वर दिसत होतं.

ती ओढायला गेली तशी नात म्हणाली, "आई, काढू नगं! माझी खूण हाय."

सुनेने हात मागे घेतला. मी दारात होतो. इथे तोंड उघडायचं नाही एवढं मला कळतं. सौदा जुळत आला की बोलणारा मार खातो. एक शेळी सुनेचा पदर चघळायला लागली, तिकडेही सुनेचं लक्ष नव्हतं.

मग ती हळूच म्हणाली, "बोट आली का गं?"

म्हणजे हीसुद्धा आमची बोटीवरची घासाघीस स्वयंपाकघरातून रोज ऐकत होती.

"अजून न्हाई," नात म्हणाली. "गप ऱ्हा. आता येईल."

पुस्तक संपलं आणि शाळेत परत गेलं. पोरीने खूण काढलीच नव्हती. दोन दिवसांनी वाचनाच्या वहीतून फॉर्म घडी करून परत आला, बरोबर लाल शाईत एक ओळ: "हा फॉर्म पुस्तकात सापडला. लागणार आहे का?"

वही सुनेने घेतली. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, "नाही. दुसऱ्या पुस्तकात घालावा." खाली तिची सही. त्या वहीतली तिची पहिली.

आता माझं गाऱ्हाणं. पोरगी इथेच राहिली, ठीक आहे. पण तो शेरा अजून तसाच आहे, आणि वही आम्ही जपून ठेवणार म्हणजे तोही जपला जाणार. मी शाळेत गेलो, खांद्यावर टॉवेल होता. म्हटलं, बाई, आता तरी खोडा. बाई म्हणाल्या, "खोडत नाही आबा. तेव्हा खरं होतं." मी पुष्कळ ताणलं. आवाजही चढवला, वर्गातली पोरं मागे वळून बघायला लागली. शेवटी त्यांनी लाल पेन काढलं आणि शेऱ्यासमोर बारीक अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली. जुना गुरुवार.

मागितलं होतं पूर्ण, मिळाली तारीख. मी ती घेतली. जाता जाता बाईंना विचारलं, बोटीसारखं अजून एखादं पुस्तक आहे का. घरी पोरगी वाट बघत होती म्हणून.